बंगालचा मल्ल : गोबरबाबू गुहा

दरवर्षी श्रावण लागला की समितीचा निरोप येतो, स्मरणिकेला काहीतरी द्या. गेल्या तीन वर्षांत मी अंदमानची सहल, मधुमेह आणि निवृत्तीनंतरचे दिवस असे तीन विषय संपवले. यंदा काय लिहावं या विचारात होतो, तेवढ्यात परवा आमच्या इमारतीतल्या एका मराठी कुटुंबातल्या मुलानं मला सहज विचारलं, की बंगाली लोक फुटबॉल सोडून दुसरं काही खेळायचे का हो. मुलगा इथंच जन्मलेला, इथल्याच शाळेतला. मला माझाच चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा चेहरा आठवला, आणि विषय मिळाला.

मी मूळचा कराड तालुक्यातला. आमच्या घरात शाळेपेक्षा तालमीला मान जास्त होता. माझे धाकटे चुलते, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, ते गावच्या तालमीत वस्ताद होते. पहाटे चारला उठून जोर-बैठका काढायच्या, हौद्यातली माती उकरायची, अंगाला तेल चोळायचं, हे मी पंधराव्या वर्षापर्यंत केलं. माझ्या अंगात कुस्ती काही उतरली नाही, फक्त कुस्तीचा अभिमान उतरला. १९७८ साली बदली होऊन कलकत्त्याला आलो (कोलकाता व्हायला अजून अवकाश होता). पहिले पंधरा दिवस हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात काढले आणि मग बालीगंजला खोली घेतली, ती आजतागायत बालीगंज सुटलं नाही.

डलहौसीतल्या आमच्या ऑफिसात दुपारच्या डब्याच्या वेळी चांगला अड्डा जमायचा. कोल्हापूरची कुस्ती हा माझा ठरलेला विषय. खासबागेचं मैदान, शाहू महाराज, पैलवानांचा खुराक, सगळं तिखटमीठ लावून सांगायचो. इथवर ठीक होतं. पण एकदा बोलण्याच्या भरात मी म्हणून गेलो, की भात आणि माशाचा रस्सा खाणाऱ्यांचं हे काम नव्हे, बंगाल्यानं लंगोट बांधलेला मी ऐकला नाही. सगळे हसले. आमचे बडोबाबू मात्र हसले नाहीत. ते काही बोललेही नाहीत. शनिवारी ऑफिस सुटताना एवढंच म्हणाले, की उद्या सकाळी सहाला हेदुयाच्या तलावापाशी या.

त्या रविवारी ते मला गोवाबागानच्या आखाड्यात घेऊन गेले. उत्तर कलकत्त्यातली अरुंद गल्ली, आणि आत माती! तोच वास. तेल, हळद, घाम आणि ओली माती. आठ-दहा पोरं बैठका मारत होती. मी दारातच थबकलो. पुढचे दोन तास बडोबाबूंनी मला जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचून-विचारून गोळा केलं, ते आता आपल्यापुढं मांडतो.

गोबर गुहा यांचं कागदावरचं नाव यतींद्रचरण गुहा. जन्म १३ मार्च १८९२, उत्तर कलकत्त्यातला. गोबर हे त्यांचं डाकनाम, म्हणजे घरातलं नाव. लहानपणी ते इतके गुबगुबीत आणि लोळागोळा होते, की आजोबांनीच हे नाव ठेवलं म्हणतात. आपल्याला ऐकून हसू येतं, कारण गोबर म्हणजे बंगालीतही शेणच. पण आपल्याकडं तरी काय, कचरू, दगडू, धोंडू ही नावं लाडक्या पोरांचीच असतात. ते नाव पुढं सातासमुद्रापार गेलं. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत ते जतींद्र गोबर म्हणून छापलं जायचं.

गुहांचं घराणं पैशाचं होतं, आणि तो पैसा आखाड्यात ओतणारं होतं. आजोबा अंबिकाचरण गुहा, लोकांच्या तोंडी अंबूबाबू, यांनी मसजिदबाडी स्ट्रीटवर आखाडा काढला. पंजाब आणि मथुरेकडचे पैलवान ठेवून घेतले, दुधासाठी गाईगुरं बाळगली आणि भद्रलोकांच्या मुलांना मातीत उतरवलं. ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती. कुस्ती म्हणजे दरवान आणि गवळ्यांचा खेळ, चांगल्या घरच्या पोरानं पुस्तक धरावं, असा समज होता. त्यात मेकॉलेसारख्यानं बंगाली माणसाच्या दुबळ्या शरीराबद्दल वाटेल ते लिहून ठेवलेलं, आणि ते साहेबाच्या शाळेत शिकणाऱ्यांनी मनाला लावून घेतलेलं. १८६७ साली सुरू झालेल्या हिंदू मेळ्यात कुस्ती आणि व्यायामाचे खेळ ठेवले गेले, ते याच खुपण्यातून. अंबूबाबूंच्या आखाड्यात जाणाऱ्यांमध्ये शिमला भागातला नरेन दत्त नावाचा एक मुलगा होता. तेच पुढं स्वामी विवेकानंद झाले. क्रांतिकारक बाघा जतीनही तिथलेच.

म्हणजे बघा, ज्या समजुतीवर मी डब्याच्या वेळी विनोद केला, ती समजूत साहेबानं पेरलेली होती, आणि तिला उत्तर द्यायला या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी माती खणली होती.

इथं थोडं विषयांतर करतो. गोबरबाबू दहा वर्षांचे असताना, १९०२ साली, याच शहरात सखाराम गणेश देऊस्करांनी शिवाजी उत्सव सुरू केला. देवघरकडं वाढलेला हा मराठी माणूस बंगालीत लिहायचा. १९०६ च्या उत्सवाला स्वतः टिळक आले होते. आपण इथं गणपती बसवतो तेव्हा आपल्याला वाटतं की मराठी माणूस इथं नोकरीपुरता आला. तसं नाही. असो.

गोबरबाबू आजोबांच्या आणि चुलत्यांच्या हाताखाली घडले. चुलते क्षेत्रचरण, म्हणजे खेतूबाबू, हे त्या वेळचे नामांकित मल्ल. बाहेरून आणलेले उस्ताद होतेच. अंगानं मुलगा सहा फुटांच्या वर गेला. मान पक्की व्हावी म्हणून सुमारे १६० पौंडांचं दगडी कडं गळ्यात घालून ते मेहनत करायचे असं सांगतात. आमच्या आबांना मी हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली होती.

व्यावसायिक म्हणून त्यांची पहिली कुस्ती झाली ती त्रिपुराच्या महाराजांच्या पदरी असलेल्या नवरंगसिंगशी, अठराव्या वर्षी. त्याच वर्षी, १९१० साली, शरत्कुमार मित्र या बंगाली धनिकानं पदरचे पैसे घालून हिंदुस्थानी मल्लांना लंडनला नेलं. थोरला गामा जगाला माहीत झाला तो याच दौऱ्यात. उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेईनात, तेव्हा त्यानं खुलं आव्हान दिलं, अमेरिकेच्या रोलरला पाडलं आणि झबिस्को या पोलंडच्या बलाढ्य मल्लाला असा काही जखडून ठेवला की कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली आणि दुसऱ्या खेपेला झबिस्को फिरकलाच नाही. त्या जथ्यात अठरा वर्षांचा गोबरही होता. नुसतं पाहून आला असेल तरी केवढं शिकला असेल!

दुसऱ्यांदा ते १९१२ मध्ये युरोपला गेले आणि या वेळी स्वतःच्या नावावर. १९१३ साली स्कॉटलंडमध्ये त्यांनी ग्लासगोला जिमी कॅम्पबेलला आणि एडिंबरोला जिमी एसनला हरवलं. दोघेही तिथले नावाजलेले. ब्रिटिश साम्राज्यातल्या गुलाम प्रजेपैकी एक, त्यातही ज्यांना नाजूक म्हणून हिणवलं त्या बंगाल्यांपैकी एक, साहेबाच्या घरात जाऊन साहेबाला चीत करतो, याची कलकत्त्यात काय धूम उडाली असेल ते मी सांगायला नको.

मग महायुद्ध आलं. ते परतले. आणि १९२० मध्ये अमेरिकेला निघाले.

अमेरिकेत जाणं तेव्हा सोपं नव्हतं. १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानी मजुरांना दारं बंद झाली होती. पश्चिम किनाऱ्यावर आशियाई माणसाबद्दल उघड तिटकारा होता. शिवाय तिथली कुस्ती वेगळी. आपली माती, तिथं गादी. आपल्याकडं पाठ लागली की निकाल. तिथं दोन्ही खांदे टेकवून धरावे लागतात, तीनपैकी दोन वेळा. पाय पिरगाळून, मान आवळून समोरच्याला हार मानायला लावणं हेही चालतं. आपल्या खाशाबा जाधवांना १९४८ साली लंडन ऑलिंपिकला हाच त्रास झाला होता. गादीवरचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांना तिथंच शिकावे लागले, तरी सहावे आले. गोबरबाबूंच्या पाठीशी ना संघ, ना सरकार. कुस्त्या मिळवायच्या, बिदागीवर राहायचं, रेल्वेनं पुढच्या गावाला जायचं. व्यवसाय म्हणून खेळणाऱ्याचं आयुष्य हे असंच असतं, मुष्टियोद्धा असो की पैलवान.

ऑगस्ट १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोलिझियममध्ये त्यांची गाठ पडली अॅड सॅन्टेलशी. हा जन्मानं जर्मन, अमेरिकेत स्थायिक झालेला, आणि लाइट हेवीवेट गटातला जगज्जेता म्हणवला जाणारा. त्याच वर्षी मार्चमध्ये तो जपानला जाऊन तिथल्या ज्युदोवाल्यांना आव्हान देऊन आला होता. सांध्यांच्या डावांत तो भयंकर समजला जाई. या सॅन्टेलला गोबरबाबूंनी हरवलं आणि जगज्जेतेपद घेतलं. व्यावसायिक कुस्तीत अमेरिकेच्या भूमीवर असं पद मिळवणारे ते पहिले आशियाई, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं.

इथं मला प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण आमच्या आबांनी मला खोटी कुस्ती सांगायची नाही असं बजावलेलं आहे. त्या काळात अमेरिकेत जगज्जेते बरेच होते. एकच मान्य संघटना नव्हती, प्रवर्तक पदं जाहीर करायचे, आणि हळूहळू त्या धंद्यात तमाशाचा भाग वाढत चालला होता. निकाल आधी ठरवून लढवलेल्या कुस्त्या नंतर तर सर्रास झाल्या. तेव्हा जगज्जेतेपद या शब्दाचं वजन आज ऑलिंपिकच्या पदकासारखं धरता येत नाही. पण गोबरबाबू ज्यांच्यासमोर उभे राहिले ती माणसं खरी होती, त्यांच्या पकडी खऱ्या होत्या. बडोबाबूंना मी ही शंका बोलून दाखवली तेव्हा ते थोडे नाराज झाले. मग त्यांनीच मला पुढची गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीत हार आहे.

पुढं गोबरबाबू एड लुईसशी लढले. त्याला स्ट्रँगलर, म्हणजे गळा आवळणारा, असं टोपणनाव होतं. हेवीवेटमधला त्या काळचा सर्वांत मोठा जगज्जेता तो. त्याची मान-पकड अशी होती, की ती बसली की माणूस शुद्ध हरपायचा. या कुस्तीत गोबरबाबू हरले. कलकत्त्यात सांगतात की लुईसनं नियमाबाहेरची चाल केली, गोबरबाबू पंचाकडं तक्रार करायला वळले आणि तेवढ्यात त्यानं झडप घातली. कुस्तीत पंचाकडं बघायचं नसतं, समोरच्याकडं बघायचं असतं, हे आपल्या कुठल्याही तालमीतलं शेंबडं पोर सांगेल. पण घरापासून हजारो मैलांवर, आपला म्हणावा असा एकही माणूस बाजूला नसताना, माणूस पंचाकडंच बघणार. मला ही हार त्या विजयापेक्षा जास्त जवळची वाटते.

वर्षानुवर्षं ते तिकडंच राहिले आणि १९२६ च्या सुमारास परत आले. इथून पुढं कोणतंही मोठं पद त्यांच्या वाट्याला आलं नाही. १९२९ साली पार्क सर्कसला छोट्या गामाशी त्यांची गाजलेली कुस्ती झाली. पार्क सर्कस म्हणजे आपल्या बालीगंजच्या शेजारचं, आपण रोज ज्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकून चडफडतो ते. तिथं सदतिसाव्या वर्षी हा माणूस लाहोरकडच्या पैलवानासमोर शड्डू ठोकून उभा राहिला. तांत्रिक कारणावरून निकाल विरुद्ध गेला. ज्यांच्या वडिलांनी ती कुस्ती पाहिली त्यांची मुलंसुद्धा त्यावर वाद घालायची. बडोबाबूंचे वडील तिथं होते. बडोबाबू त्या वेळी जन्मलेही नव्हते, तरी तो निकाल त्यांना मान्य नव्हता!

१९३६ मध्ये गोबरबाबूंनी गोवाबागान स्ट्रीटवर १९ नंबरला नवा आखाडा बांधला आणि १९४४ मध्ये कुस्तीतून निवृत्त झाले. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्याचा सर्वांत भरलेला भाग हा आहे. मल्ल हरला-जिंकला की लोक घरी जातात. वस्ताद रोज पहाटे उठतो. बनमाली घोष, ज्योतिषचरण घोष असे शिष्य तिथं तयार झाले. आणि आणखी एक, ज्याचं नाव ऐकून मी उडालोच होतो. मन्ना डे! होय, आपले मन्ना डे. त्याच भागात वाढलेले, आणि तरुणपणी गोबरबाबूंच्या आखाड्यात नियमानं माती अंगाला लावणारे. गाणं की कुस्ती असा प्रश्न त्यांना पडला होता, आणि डोळे अधू व्हायला लागले म्हणून कुस्ती सुटली. 'वरदक्षिणा' चित्रपटात त्यांनी गायलेलं पावसाचं मराठी गाणं आपल्या घराघरांत आहे. ती दमदार छाती कुठून आली ते आता कळलं.

त्या आखाड्यातल्या अड्ड्याला सत्येंद्रनाथ बोस यायचे. आइन्स्टाइनच्या नावाबरोबर ज्यांचं नाव जोडलं जातं तेच हे शास्त्रज्ञ. घर जवळच, ईश्वर मिल लेनमध्ये. एका बाजूला लंगोट बांधलेली पोरं घुमताहेत आणि दुसऱ्या बाजूला चहाच्या पेल्यावर गणिताचा पंडित आणि अमेरिका जिंकून आलेला पैलवान गप्पा मारताहेत, असं दृश्य आपल्या कुठल्या तालमीत दिसलं असेल का, मला शंका आहे. कुस्ती आणि शिक्षण यांची अशी सोयरीक आपल्याकडं फार थोड्यांनी केली.

गोबरबाबू जानेवारी १९७२ मध्ये गेले. मी इथं येण्याच्या सहा वर्षं आधी. त्या भागात आज गोबर गुहा सरणी नावाचा रस्ता आहे. त्यावरून आपण किती जण गेलो असू!

त्या रविवारी परत येताना बडोबाबूंनी ट्राममध्ये मला एकच प्रश्न विचारला. त्यांनी खाशाबा जाधवांचं नाव ऐकलेलं होतं. स्वतंत्र भारताला १९५२ साली हेलसिंकीत पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारा माणूस, तुमच्याच तालुक्यातला ना, मग ते आता काय करतात, असं त्यांनी विचारलं. मी गप्प बसलो. गोळेश्वर आमच्या गावाहून फार लांब नाही. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे मला पाठ होतं. पोलीस खात्यात आहेत हेही ऐकून होतो. त्यापुढचं काहीच ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. कोल्हापूरच्या कुस्तीवर डब्याच्या वेळी दोन वर्षं बोलणारा मी! पुढं १९८४ च्या ऑगस्टमध्ये खाशाबा रस्त्यावरच्या अपघातात गेले. ती बातमी मला गावाहून आलेल्या पत्रात कळली. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. पत्र घेऊन मी बडोबाबूंच्या टेबलाशी गेलो होतो. त्यांनी ते वाचता येत नसतानाही हातात घेतलं, पाहिलं आणि घडी घालून परत दिलं.

आबा कलकत्त्याला आले ते १९८७ च्या हिवाळ्यात, एकदाच. कालीघाट, बेलूर मठ, व्हिक्टोरिया सगळं दाखवलं. त्यांना त्यातलं काही विशेष वाटलं नाही. शेवटच्या दिवशी पहाटे टॅक्सी करून गोवाबागानला नेलं. बडोबाबू निवृत्त झाले होते, तरी शाल गुंडाळून आले. आबा चपला काढून आत गेले, हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावली आणि भिंतीशी जाऊन बसले. त्यांना बंगाली येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. थोड्या वेळानं एका पोरानं दुसऱ्याची मान बगलेत घेऊन कमरेवरून फेकायचा प्रयत्न केला आणि तो फसला. आबांना राहवलं नाही. सत्तरी ओलांडलेली, तरी धोतर खोचून उतरले आणि त्या पोराचा पाय कुठं पडायला हवा होता ते दाखवलं. मग डावाचं नाव सांगितलं, ढाक. तिथले वस्ताद हसायला लागले. त्यांच्याकडंही त्या डावाला ढाकच म्हणतात. मग त्यांनी टांग म्हटलं, आबांनी टांग केली. त्यांनी धोबिया पाट म्हटलं, आबांनी धोबीपछाड करून दाखवली. असं अर्धा तास चाललं होतं. बडोबाबू आणि मी बाहेरच्या ओट्यावर मातीच्या भांड्यातला चहा घेऊन बसलो होतो, आणि ते मला पार्क सर्कसच्या निकालात नेमकी चूक कुठं झाली ते पुन्हा एकदा समजावून सांगत होते.